मागच्या फाटकाच्या चाव्या

"तुम्ही कुत्रा पाहिलासुद्धा नाहीत. मला कुणी पाडलं, हे विचारलंसुद्धा नाहीत. माझ्या खुब्याचा एक्स-रे उजेडाला धरलात, घरात मोठा कुत्रा आहे एवढं कानावर घेतलंत, आणि निकाल देऊन मोकळे झालात. म्हणे, कुत्रा काढा. काढा म्हणजे काय हो? तो काय किडका दात आहे?"

अक्का हे सगळं छताला ऐकवत होती. मोठ्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरला तिनं मनातल्या मनात पंख्याच्या शेजारी बसवलं होतं, आणि घरी आल्यापासून ती त्याला रोज फैलावर घेत होती. खरा डॉक्टर समोर होता तेव्हा मात्र तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. सगळी हयात कुलपं बनवण्यात गेलेली, कसल्याही गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणारी बाई, आणि पांढऱ्या कोटापुढं शाळकरी पोरीसारखी मान हलवून आली होती. त्याचा राग डॉक्टरपेक्षा तिला स्वतःचाच जास्त आला होता.

खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोऱ्या चाव्यांचा डबा काढायला ती खाली दुकानात स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं, ती पडली. तिचा कुत्रा मुकादम तेव्हा मागच्या अंगणात होता. त्यानं भुंकून भुंकून अख्खी गल्ली गोळा केली, म्हणून ती वेळेवर हॉस्पिटलात पोचली. पण तिथं तिचा मधला भाऊ, ज्याला सगळे भाऊच म्हणत, बोलता बोलता 'घरी कुत्रा आहे, चांगला दांडगा आहे' म्हणून गेला आणि पुढची गोष्ट डॉक्टरनं स्वतःच रचली. मोठ्या माणसानं रचली म्हटल्यावर भाऊला ती लगेच पटली. भाऊ तसाच होता. बापाचं ऐकत नव्हता, पण टेबलामागं बसलेल्या कुणाचंही ऐकायचा.

आज कुत्रा जाणार होता. गावाबाहेर मोकळी जमीन असलेला एक माणूस व्हॅन घेऊन येणार होता. अक्कानंच होकार दिला होता. डॉक्टरसाठी नाही, भाऊसाठी तर नाहीच. मुकादमसाठी.

मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा तो. एक कान उभा, एक मोडलेला. घरात कोण कुठं आहे याची त्याला सतत काळजी. चार माणसं एका खोलीत आणि एक दुसऱ्या खोलीत, हे त्याला खपायचं नाही. जाऊन त्या एकाच्या पोटरीला नाक लावायचा आणि हाकत आणायचा. म्हणून मुकादम. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ तंगडतोड लागायची, नाहीतर अंगात किडे वळवळल्यासारखा करायचा. खुबा मोडेपर्यंत अक्का त्याला नदीपलीकडं नेऊन आणायची. मोडल्यावर तिनं सगळ्यांना बोलावून विचारलं होतं, की बाबांनो, मी उठेपर्यंत याला फिरवणार कोण?

तेव्हा काय काय ऐकायला मिळालं होतं. भाऊ म्हणाला, डॉक्टर काढ म्हणतायत आणि तू फिरवायचं विचारतेस? वहिनी, म्हणजे भाऊची बायको, म्हणाली, अक्का, तुमचं सगळं करीन, पण त्या जनावराला हात लावायला सांगू नका, मला भीती वाटते. भाऊची मुलगी चिमणी शहरात बस चालवायची. ती म्हणाली, या घरात कुणाचंही काही अडलं की चिमणी आहेच, यावेळी चिमणी नाही. आणि धाकट्या नानानं निरोप पाठवला, की मी त्या गल्लीत पाऊल ठेवणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मग मला विचारता कशाला? वडिलांचं चाव्या कापायचं यंत्र भाऊकडं गेलं, त्या दिवसापासून नाना भाऊशी बोलत नव्हता.

"बरं," अक्का म्हणाली होती. "अंगण आहे त्याला."

पहिले काही दिवस मुकादमनं अंगण डोक्यावर घेतलं. रडला, माती उकरली, धुणं वाळत घालायचा खांब कुरतडला. मग एकाएकी गप्प झाला. आता तर रात्री घटकाभर त्याला वर तिच्या खोलीत आणला, की पलंगाखाली अंग टाकायचा तो दगडासारखा. हाक मारली तर एक डोळा उघडायचा, परत मिटायचा. भांड्यात खायला टाकलं तरी झोपूनच खायचा. अक्कानं जन्मभर बिघडलेल्या स्प्रिंगा पाहिल्या होत्या. फार दिवस दाबून ठेवली की स्प्रिंग परत वर येत नाही. तिला वाटलं, आपण याला दाबून मारतोय. जाऊ दे मोकळ्या जमिनीवर. आपलं काय, आपण छताशी बोलू.

*

सगळे जमले तेव्हा दुपार कलली होती. भाऊ खिडकीपाशी. वहिनी चहाचे कप घेऊन. चिमणी ड्युटीवरच्या गणवेशात, आणि तिच्याबरोबर जनावरांची डॉक्टरीण. व्हॅनवाल्यानं अट घातली होती, की आजारी कुत्रा नेणार नाही, आधी दाखवून घ्या.

आणि दारात, उंबऱ्याच्या अलीकडं की पलीकडं हे न ठरवता, नाना.

"तू?" अक्का म्हणाली.

"कुत्र्याला बघायला आलोय. माणसांना नाही."

"अक्का, त्याला म्हणावं बस," भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पाय दुखतील."

"अक्का, त्याला म्हणावं माझे पाय माझ्या मालकीचे आहेत. ते काही वाटणीत गेले नाहीत."

"गिळा आता चहा," वहिनी म्हणाली आणि दोघांपुढं कप धरले. पुढं केलेल्या चहाला नाही म्हणायची नानाला सवय नव्हती. कप धरायला तो नाइलाजानं आत आला.

डॉक्टरीण जमिनीवर मांडी घालून बसली आणि पलंगाखाली हात घालून मुकादमला हळूच बाहेर ओढला. तो पोत्यासारखा सरकत आला. तिनं त्याचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, छातीला नळी लावली. अक्कानं चादरीचं टोक मुठीत धरलं होतं. मेला तर आपल्या पायाशी मरू दे, असं एकदा तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाज वाटली.

"कधीपासून असा आहे?" डॉक्टरीण.

"मी पडल्यापासून. आधी ओरडायचा. मग खचला."

डॉक्टरिणीनं पुढचा पंजा उचलून उताणा केला. मग दुसरा. मग मागचे. बराच वेळ ती पंजेच बघत राहिली.

"याला रोज चालवता किती?"

"तेच तर रडगाणं आहे," अक्का म्हणाली. "चालवतंय कोण? मी ही अशी. अंगणाबाहेर पडलेला नाही तो."

"अंगणात काय सहाण बसवलीय का?"

"म्हणजे?"

"नखं बघा याची. कानशीनं घासल्यासारखी झालीत. तळव्यांची कातडी पार गुळगुळीत. मांडीला हात लावा, दगड आहे नुसता." तिनं नळी गळ्यातून काढली. "आजी, या कुत्र्याला काहीही झालेलं नाही. हा खचलेला नाही. हा दमलाय. एवढा दमलेला कुत्रा मी अजून बघितला नव्हता. याला कुणीतरी राबवतंय."

अक्काला आधी काही कळेचना. एवढंच कळलं, की झालेलं नाही. काहीही झालेलं नाही. छातीवर इतके दिवस ठेवलेली ऐरण कुणीतरी उचलून बाजूला केली असं तिला झालं, आणि तिनं मोठ्यांदा श्वास सोडला. मग तिनं मान वळवून एकेकाकडं पाहिलं.

भाऊ अजून खिडकीबाहेरच बघत होता, पण त्याचा उजवा हात पँटच्या खिशात गेला होता. नाना रिकाम्या कपात फुंकर मारत होता. चिमणी गणवेशाचं बटण तपासत होती. वहिनीला एकाएकी बश्या गोळा करायच्या होत्या.

मागच्या फाटकाला अक्काच्या हातचं कुलूप होतं. त्याची चावी एकच, ती तिच्या उशाखाली. या कुलपाची नक्कल कुणाच्या बापाला जमणार नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

पण बाप तर या सगळ्यांचा कुलपंवालाच होता.

"खिसे," अक्का म्हणाली.

"काय खिसे?" भाऊ.

"उलटे कर. सगळ्यांनी. इथं चादरीवर."

मग नानानंच कप खाली ठेवला, कोटाच्या आतल्या खिशातून एक चावी काढली आणि चादरीवर ठेवली. भाऊनं ती पाहिली आणि त्याचा चेहरा असा झाला, की जणू स्वतःच्याच घरात चोर सापडला. "तू? तू या गल्लीत पाऊल ठेवणार नव्हतास ना?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो नानाशी सरळ बोलला होता. दोघांच्याही लक्षात आलं नाही. अक्काच्या आलं.

"गल्लीत कुठं ठेवलं? मागच्या बोळातून येतो. अंधार पडायच्या सुमाराला. बोळाबद्दल मी काही बोललो नव्हतो."

"आणि चावी?"

"त्या कुलपाच्या आतल्या पट्ट्या, ज्या चावीनं उचलल्या जातात, त्या कुणी घडवल्या होत्या? अक्काला मीच दिल्या होत्या. माझ्याच पट्ट्यांची चावी करायला मला मूळ चावी लागते काय? तुझं सांग. खिशात काय दाबून धरलंयस?"

भाऊनं आपली टाकली. "कोरी चावी घालून, दाबून, खुणा बघत घासली. तीन सकाळी गेल्या." मग अक्काकडं न बघता, "मी काढा म्हणालो, ते डॉक्टर म्हणाले म्हणून म्हणालो. पण तो दुकानाच्या मागच्या दाराच्या फटीतून नाक काढून माझ्याकडं बघत बसायचा. काम सुचायचं नाही."

चिमणीनं तिसरी चावी ठेवली. ओबडधोबड, कडेला घासलेल्या धातूची काटेरी कूस तशीच राहिलेली.

"ही काय आहे?" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

"आत्या झोपली होती तेव्हा तिची चावी साबणात दाबली. नंतर डेपोतल्या कानशीनं घासली." चिमणी हनुवटी वर करून म्हणाली. "पहिली बस काढायच्या आधी नेते त्याला. मला माहीत होतं तुम्ही कुणी नेणार नाही. आणि मी नेते असं सांगितलं असतं, तर जन्मभर माझ्याच गळ्यात पडलं असतं."

"वहिनी?" अक्का म्हणाली.

"माझ्याकडं चावी नाही हो."

"वहिनी."

"मी बाहेर नेतच नाही. तुम्ही दुपारी गोळी घेऊन झोपलात, की स्वयंपाकघराचं दार एवढंसं उघडून चेंडू टाकते. तो आणून देतो. परत टाकते." वहिनीनं बश्या छातीशी धरल्या. "भीती वाटतेच मला. पण तो चेंडू माझ्या पायाशी ठेवतो आणि दोन पावलं मागं सरकतो. माझी भीती त्याला कळते. या घरात दुसऱ्या कुणाला कळली नाही ती कधी."

भाऊनं बायकोकडं पाहिलं.

"थांबा थांबा," डॉक्टरीण म्हणाली. ती आता उघड हसत होती. "पहाटे ताई. मग?"

"दुकान उघडायच्या आधी मी," भाऊ म्हणाला. "पण तो रोज मरगळलेलाच असायचा. मला वाटलं, बसून बसून सुस्तावलाय. म्हणून मी आणखी लांब न्यायला लागलो."

"मलाही तेच वाटलं," नाना म्हणाला. "संध्याकाळी उठायलाच तयार नसायचा. म्हटलं, दिवसभर याला कुणी विचारत नाही, अंग आखडलंय बिचाऱ्याचं. म्हणून मी टेकडी चढवायला सुरुवात केली."

"टेकडी?" भाऊ म्हणाला. "मी पण टेकडीच."

"मी पुलापर्यंत पळवते," चिमणी बारीक आवाजात म्हणाली.

अक्काला हसू आलं ते आधी पोटात आलं, मग खुब्यात आलं, तिथं ते दुखलं, आणि दुखलं तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी वहिनी घाबरली. "अक्का, टाके."

"जाऊ देत टाके. अरे, एकानं तरी तोंड उघडायचं होतंत. मुक्या जनावराला मारलं असतंत प्रेमानं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि तो गाढव. एकालाही नाही म्हणाला नाही. जो येईल त्याच्याबरोबर निघाला, कामावर असल्यासारखा."

मुकादमनं आपलं नाव कुणी घेतलं नसतानाही एक डोळा उघडला. घरची पाचही माणसं एका खोलीत आहेत हे पाहिलं. मिटला.

खाली रस्त्यावर व्हॅनचा हॉर्न वाजला.

भाऊचं बोट खिडकीच्या गजावर वाजायला लागलं. "डॉक्टर म्हणाले होते..." तो म्हणाला आणि अर्ध्यावर थांबला.

"काय म्हणाले होते?" नाना त्याच्याकडं वळून म्हणाला. "बोल ना. तिला कुत्र्यानं पाडलं?"

"स्टुलानं," भाऊ म्हणाला.

"मग जाऊन सांग खाली, की स्टूल न्यायचं तर ने."

भाऊ खरंच खाली गेला. वरून सगळ्यांना ऐकू आलं: तो व्हॅनवाल्याची माफी मागत होता, घोळ घालत होता, परत माफी मागत होता. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या टोकाशी वळून नाहीसा झाला. अक्काची मूठ तेव्हा सुटली. चादरीवर तिच्या बोटांचा चुरगळा उठला होता.

*

"पण हे असंच ठेवून चालणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आता थोडे दिवस आराम. मग सकाळी एक, संध्याकाळी एक, बेताचं. आणि ही जात नुसते पाय दमवून शांत होत नाही. तुम्ही जितकं पळवाल तितका दम वाढवतो. याच्या डोक्याला काम द्या. काहीतरी लपवा, शोधायला लावा. वासावर जाऊ द्या. आजी, ते तुम्हाला बसल्या जागेवरून करता येईल. बाकीच्यांना नाही जमणार ते. त्याला तुम्ही सांगितलेलं हवं असतं."

"मी?" अक्का म्हणाली. खुबा मोडल्यापासून तिला हे जमेल असं कुणी म्हटलं नव्हतं. उठू नका, वाकू नका, उचलू नका, असंच सगळे सांगत होते.

तिनं उशाखाली हात घातला, स्वतःची चावी काढली आणि हात खाली सोडून मुकादमच्या नाकाशी धरली. पितळ, तेल, तिच्या बोटांचा घाम. मग ती पांघरुणाच्या घडीत सरकवली. "शोध."

मुकादमनं मान उचलली. उठायचं त्याच्या फार जिवावर आलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी पुढचे दोन पाय त्यानं पलंगाच्या कडेला ठेवले, नाक पांघरुणातून फिरवलं, बरोबर घडीवर आणलं आणि अक्काकडं पाहिलं. मोडका कान थोडा वर आला होता.

"बास," अक्का म्हणाली. "शहाणा आहेस. झोप."

आता चादरीवरच्या तीन चाव्या उरल्या. तिनं एकेक उचलून डोळ्यांजवळ नेली. नानाची पाहिली तेव्हा काही न बोलता अंगठा फिरवत राहिली. इतकी सुबक चावी बापाच्या हातचीही नसायची. भाऊची पाहिली. "शेवटची खाच खोल गेलीय."

"तेच म्हणतोय मी," नाना म्हणाला. "त्यानं कुलूप झिजेल."

"यंत्रावर केली असती तर गेली नसती," भाऊ म्हणाला. "पण यंत्राचा आवाज अक्काला ऐकू गेला असता. तू ये एकदा. यंत्राची पकड ढिली झालीय. मला नाही जमत ती बसवायला."

नानानं भाऊची चावी उचलून उजेडाला धरली. "पकड कधीपासून ढिली आहे?" तो म्हणाला.

चिमणीची चावी हातात आली तेव्हा दोघं भाऊ परत पुढं वाकले आणि एका सुरात सुरू झाले. ही कूस बघ, हा कोन बघ, साबण कुठला वापरलास, अंगाचा? भाऊ नानाचं वाक्य पुरं करत होता, नाना भाऊचं. शिव्या खाणारी चिमणी मात्र आत्याकडं बघत होती.

"उघडते ना?" अक्का म्हणाली.

"रोज."

"मग हीच राहील. बाकीच्या दोन भंगाराच्या डब्यात." तिनं चावी चिमणीच्या हातात दिली. "खाली दुकानात वडिलांचा खिळा आहे. काय नियम होता त्याचा?"

"ज्यानं खिळ्यावरचा कामाचा बिल्ला उचलला, काम त्याचं," भाऊ म्हणाला. "खिळा रिकामा असला तर दुसऱ्यानं त्या कुलपाला हात लावायचा नाही."

"ही त्या खिळ्यावर टांगा. उचलेल त्यानं कुत्रा न्यायचा. आणल्यावर पाय धुवायचे, चावी परत. दिवसातून दोनदा झालं, की चावी माझ्याकडं वर. चोरून कुणी न्यायचा नाही. आणि वहिनी, तुमचा चेंडू आठवड्यातून एखाद्या दिवशी."

"मी चावी उचलू?" वहिनी म्हणाली.

"का नाही?"

वहिनीनं बश्या खाली ठेवल्या. विचार केला. "बघू," ती म्हणाली. तिच्या तोंडून बघू म्हणजे होच असायचं.

*

अक्का पुढच्या तपासणीला गेली ती काठीवर. वॉकर घरी राहिला होता. घरातल्या चार खोल्यांत चाव्या लपवायच्या म्हणजे चार खोल्यांत जावं लागतं. कपाटामागं, चपलेत, खिडकीच्या कोनाड्यात. मुकादम त्या काढून आणायचा आणि अक्का परत लपवायला निघायची. दोघांपैकी नेमकं कोण कुणाला दमवत होतं, हे भाऊला अजून उलगडलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरनं तिला टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. "छान," तो म्हणाला. "फारच छान. माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच लवकर. व्यायाम मन लावून केलेला दिसतोय. आणि मी सांगितल्याप्रमाणे कुत्रा काढलात ना?"

"स्टूल काढलं, साहेब," भाऊ मागून म्हणाला. टेबलामागच्या माणसाला उलटून बोलायची त्याची ही पहिलीच वेळ. "पाडलं ते स्टुलानं. कुत्र्यानं लोक बोलावले."

डॉक्टरनं भुवया उंचावल्या, घड्याळाकडं पाहिलं आणि बाहेरचा पुढचा पेशंट बोलवायला घंटीकडं हात नेला.

अक्कानं खुर्ची ओढली आणि बसली. काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. छताशी तिनं जे जे पाठ केलं होतं, त्यातलं आता एकही वाक्य तिला लागत नव्हतं. किडका दात नाही, काही नाही. राग होता, पण तो आता नीट घासलेल्या चावीसारखा हातात बसत होता.

"डॉक्टर, घंटी नंतर वाजवा. मला एकच विचारायचंय, आणि ऐकल्याशिवाय मी उठणार नाही. सकाळी मला उठवतो तो. चार खोल्या मला चालवतो तो. माझे दोन भाऊ त्याच्यामुळं एका यंत्रापुढं बसले. तुम्ही त्याला न बघता काढा म्हणालात. ठीक आहे, तुम्ही मोठे आहात, काहीतरी विचार केला असेल. तर मला सांगा, त्याच्या जागी तुम्ही मला काय देणार होतात?"

डॉक्टरचा हात घंटीवरच राहिला.

"मला घाई नाही," अक्का म्हणाली. "आज चावी वहिनींनी उचललीय. बोला, काय देणार होतात?"